रिलीज क्लॉजची रक्कम तयार आहे, पण दोन क्लबांचे बोलणे बंद आहे. मग खेळाडू सुटतो का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले आहेत आणि प्रश्न त्यांच्या भाच्याचा आहे. मुलगा 21 वर्षांचा, फुटबॉलमध्ये बचावफळीत खेळणारा. तालमीच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर दोन हंगाम गाजवल्यावर गेल्या वर्षी बाहेरगावच्या एका व्यावसायिक क्लबने त्याला 3 वर्षांसाठी करारबद्ध केले. करारात 60 लाख रुपयांचा रिलीज क्लॉज, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या बदल्यात खेळाडूला मुदतीआधी सोडण्याची अट आहे आणि आता दुसरा एक क्लब ती रक्कम भरायला तयार आहे. मात्र या दोन क्लबांचे मागच्या हंगामात एका गोलरक्षकावरून बिनसले आहे. तेव्हापासून दोघे एकमेकांचे फोन घेत नाहीत आणि सध्याचा क्लब "आम्ही सोडणार नाही" एवढेच कळवतो. "स्पेनमध्ये पैसे भरले की खेळाडू मोकळा होतो असे आम्ही वाचतो, मग आमच्या पोराचेच का अडावे?" असे मामांनी विचारले आहे.

मी कोल्हापुरात 19 वर्षे वकिली करतो आणि त्यातली बरीच वर्षे खेळाडूंचे करार वाचण्यात, दुरुस्त करण्यात आणि बिघडलेले निस्तरण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देतो. रक्कम भरली म्हणून खेळाडू आपोआप सुटतो असे नाही. तो सुटतो की नाही, हे क्लॉज कोणत्या शब्दांत लिहिला आहे यावर ठरते. दोन क्लबांचे संबंध चांगले असतील तर त्या शब्दांकडे कोणी फारसे पाहत नाही, कारण सगळे फोनवर मिटते. संबंध ताणलेले असतील तर मात्र समोरचा पक्ष त्यातला एकेक शब्द घासून पाहतो. म्हणून ज्या क्लबाशी भांडण आहे त्याच्याकडून खेळाडू न्यायचा असेल, तेव्हा क्लॉज अक्षरशः पाळावा लागतो, अगदी तारखेपासून खाते क्रमांकापर्यंत.

स्पेनचे उदाहरण सगळे देतात, पण तिथली गोष्ट वेगळी का आहे हे समजून घेतले पाहिजे. स्पेनमध्ये 1985 सालचा राजादेश क्रमांक 1006 हा व्यावसायिक खेळाडूंच्या नोकरीचा कायदा आहे आणि त्याच्या 16व्या कलमानुसार खेळाडू स्वतःच्या इच्छेने करार मोडू शकतो, मात्र त्याने क्लबाला भरपाई द्यावी लागते. ती भरपाई किती, हे आधीच ठरवून ठेवण्यासाठी तिथल्या करारांत आकडा लिहितात. म्हणजे तिथे रिलीज क्लॉज ही क्लबाने केलेली मेहेरबानी नसून खेळाडूच्या कायदेशीर हक्काची किंमत आहे. 2000 साली लुइस फिगो बार्सिलोनाकडून थेट रिआल माद्रिदकडे गेला तो याच मार्गाने, 1000 कोटी पेसेटा भरून. ज्या क्लबाला बार्सिलोनाने एक चेंडूही आनंदाने दिला नसता त्याच क्लबाकडे आपला कर्णधारपदाच्या फळीतला खेळाडू जाताना त्यांना पाहावे लागले, कारण आकडा भरल्यावर अडवायला कायदेशीर आधार उरला नव्हता.

तरीसुद्धा स्पेनमध्येही वाट सरळ नसते. 2017 मध्ये नेमारसाठी पॅरिसच्या क्लबाने 22.2 कोटी युरो भरायचे ठरवले, तेव्हा त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाला पॅरिसकडून मार्को व्हेराट्टी हवा होता आणि तो मिळाला नव्हता, त्यामुळे दोन्हीकडे राग होताच. खेळाडूचे वकील 3 ऑगस्टला रक्कम घेऊन ला लीगा या स्पेनच्या फुटबॉल लीगच्या माद्रिदमधील कार्यालयात गेले, तर लीगने ती स्वीकारायला नकार दिला. मग त्याच दिवशी रक्कम थेट बार्सिलोना क्लबाकडे जमा करावी लागली. रक्कम पूर्ण होती, कायदा बाजूने होता, आणि तरी पैसे नेमके कोणाच्या हातात द्यायचे यावरून एक दिवस गेला. मामांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण आपल्याकडे नेमके इथेच जास्त अडते.

इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे असा कायदा नाही. इथे क्लॉज म्हणजे दोन पक्षांनी स्वखुशीने लिहिलेले वाक्य आहे आणि त्यात जे लिहिले आहे तेवढेच मिळते. 2013 च्या उन्हाळ्यात आर्सेनलने लुइस सुआरेझसाठी 4 कोटी आणि वर 1 पौंड असा देकार दिला, कारण लिव्हरपूलबरोबरच्या त्याच्या करारात 4 कोटी पौंडांच्या वरच्या देकाराचा उल्लेख आहे असे त्यांना कळले होते. लिव्हरपूलने साफ नकार दिला आणि तो एक पौंड मालकांना इतका झोंबला की त्यांनी जाहीरपणे आर्सेनलची खिल्ली उडवली. सुआरेझ त्या वर्षी गेला नाही. पुढच्या वर्षी तो कितीतरी जास्त रकमेला बार्सिलोनाकडे गेला. लिव्हरपूलच्या मालकांनी नंतर असा क्लॉज असल्याचे मान्य केले, पण आपण न विकण्याची भूमिका घेतली असे सांगितले. माझ्या मते त्या एका पौंडाने आर्सेनलचे नुकसान केले. ज्याच्याकडून माणूस घ्यायचा त्याला हिणवल्यासारखे वाटेल असा देकार देऊ नये, कारण मग तो आकड्याकडे पाहत नाही, अपमानाकडे पाहतो.

आता आपल्याकडच्या करारांविषयी. हे करार बहुधा इंग्रजीत असतात आणि घरची माणसे फक्त आकडा शोधतात. चार वर्षांपूर्वी शिवाजी पेठेतला एक मुलगा वडिलांबरोबर माझ्याकडे आला होता. वडिलांनी करारातले ते पान घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवले होते आणि रकमेखाली पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. मी त्या रकमेच्या आधीचा शब्द वाचला. तिथे 'शॅल' नव्हते, 'मे' होते. म्हणजे एवढ्या रकमेचा देकार आला तर क्लब खेळाडूला सोडू 'शकेल', सोडलेच पाहिजे असे नाही. तीन अक्षरांच्या त्या इंग्रजी शब्दामुळे सगळा क्लॉज निरुपयोगी झाला होता. वडिलांना हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला आणि त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, कारण त्यांनी या क्लॉजच्या भरवशावर मुलाला कमी पगारावर सही करू दिली होती. त्या प्रकरणात शेवटी हंगाम संपल्यावर क्लबाशी समजुतीने बोलून मार्ग काढला, कायद्याने काढता आला नसता.

याहून बारीक फरक आणखी एक आहे. काही क्लॉज म्हणतात की ठराविक रकमेचा देकार आला तर क्लब बदली घडवून आणेल. काही म्हणतात की खेळाडूने रक्कम भरली तर करार संपेल. दोन्हींत आकडा सारखा असला तरी परिणाम वेगळा होतो. ब्राझीलचा मातुझालेम 2007 मध्ये युक्रेनचा शाख्तार दोनेत्स्क क्लब सोडून स्पेनच्या झारागोझाकडे गेला. त्याच्या करारात अडीच कोटी युरोंचा उल्लेख होता, म्हणून शाख्तारने तेवढीच रक्कम भरपाई म्हणून मागितली. क्रीडा लवाद न्यायालयाने 2009 मध्ये ठरवले की तो उल्लेख देकार आल्यावर बदली घडवून आणण्याविषयीचा आहे, करारभंगाच्या भरपाईचा नाही. आणि फिफाच्या नियमावलीतल्या 17व्या कलमाखाली भरपाई वेगळी मोजून सुमारे 1 कोटी 18 लाख युरो ठरवली. म्हणजे ज्या आकड्यावर क्लब अडून बसला होता, त्याच्या निम्म्याहूनही कमी रक्कम त्याच्या पदरात पडली. याचा अर्थ खेळाडूने बिनधास्त करार मोडावा असा मात्र नाही. संरक्षित काळात, म्हणजे 28 वर्षांआधी सही केली असेल तर पहिल्या 3 हंगामांत, योग्य कारणाशिवाय करार मोडणाऱ्या खेळाडूवर फिफाच्या नियमांनुसार सामन्यांची बंदी येऊ शकते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये युरोपीय न्यायालयाने फ्रेंच फुटबॉलपटू लासाना दियाराच्या खटल्यात या नियमांतले काही भाग अडवले आणि फिफाला ते बदलावे लागले, परंतु त्या निर्णयाच्या आधारावर मंगळवार पेठेतल्या 21 वर्षांच्या मुलाने सराव सोडून घरी येऊन बसावे असे मी कधीही सांगणार नाही.

आपल्या देशात हे किती महागात पडू शकते हे अन्वर अलीच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिले. 2024 मध्ये त्याने मोहन बागानबरोबरचा लोनचा, म्हणजे ठराविक काळ उसना खेळण्याचा करार संपवला आणि त्याचा मूळ क्लब दिल्ली एफसीमार्फत तो ईस्ट बंगालकडे गेला. कोलकात्याच्या त्या दोन क्लबांमधले वैर शंभर वर्षांचे आहे, त्यामुळे समजुतीची शक्यता नव्हतीच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीने त्या सप्टेंबरमध्ये त्याला 4 महिन्यांची बंदी घातली आणि खेळाडूसह दोन्ही क्लबांनी मिळून 12.90 कोटी रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्या आदेशाची अंमलबजावणी थांबली, पण मधल्या दिवसांत खेळाडूच्या डोक्यावर काय टांगले होते याची कल्पना करावी.

कायद्याच्या बाजूने आपल्याकडे दोन गोष्टी खेळाडूच्या मदतीला येतात आणि एक आड येते. भारतीय करार कायदा 1872 च्या 74व्या कलमानुसार करारात भरपाईचा आकडा लिहिलेला असला तरी न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच देते. त्याच कायद्याचे 27वे कलम माणसाच्या धंद्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल मानते. क्रिकेटपटू झहीर खानच्या खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने, करार संपल्यावरही दुसऱ्याचा देकार आधी आम्हालाच दाखवा ही एका व्यवस्थापन कंपनीची अट याच कलमाखाली टिकू दिली नाही. आपल्या फुटबॉलच्या करारांतही अशी 'पहिला हक्क आमचा' छापाची वाक्ये सर्रास घुसवलेली मी पाहतो. आड येणारी गोष्ट ही, की न्यायालय कोणाला एखाद्या क्लबासाठी जबरदस्तीने खेळायला लावणार नाही, परंतु महासंघाच्या नोंदणी प्रणालीत बदली नोंदली गेल्याशिवाय तो दुसऱ्यासाठी मैदानात उतरूही शकत नाही. न्यायालयातला विजय आणि नोंदणीची खिडकी (बदल्या नोंदवण्याचा ठरलेला काळ) यांची वेळ जुळली नाही तर हंगाम हातचा जातो, आणि 21व्या वर्षी एक हंगाम ही फार मोठी गोष्ट आहे.

मामांनी विचारलेले नाही, पण समोरचा क्लब का हटून बसला आहे हे कळल्याशिवाय बोलणी पुढे जात नाहीत. नुसता राग कधीच नसतो. स्पेनच्या बिल्बाओ शहरातला अॅथलेटिक क्लब फक्त बास्क प्रांतात जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडू खेळवतो. त्यामुळे एक खेळाडू गेला की त्याच्या जागी बाजारातून दुसरा आणता येत नाही, आणि म्हणूनच हा क्लब भाव करायला बसतच नाही: क्लॉजचा पूर्ण आकडा द्या नाहीतर विषय सोडा. 2012 मध्ये बायर्नने हावी मार्टिनेझसाठी 4 कोटी युरो भरले, 2018 मध्ये चेल्सीने केपासाठी 8 कोटी भरले, दोन्ही वेळा क्लॉज पूर्ण भरूनच. निको विल्यम्ससाठी बार्सिलोना 2024 आणि 2025 अशी दोन वर्षे मागे लागला, तेव्हा अॅथलेटिकने बार्सिलोनाच्या आर्थिक स्थितीविषयी थेट लीगकडे विचारणा केली; संबंध इतके ताणले गेले, आणि अखेर जुलै 2025 मध्ये निकोने 2035 पर्यंतचा नवा करार करून क्लॉजचा आकडा निम्म्याहून अधिक वाढवून घेतला. आपल्याकडे पेठेतल्याच मुलांवर उभ्या असलेल्या तालमींना ही भावना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तालमीच्या कट्ट्यावर बसलेली वडीलधारी मंडळी जेव्हा "पोरगं आमचं आहे" म्हणतात, तेव्हा त्यात पैशाचा हिशोब नसतो. त्यांच्याशी पैशाच्या भाषेत बोलणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

आपल्या भाच्याच्या प्रकरणात गोलरक्षकावरून झालेले भांडण हेच मूळ असेल, तर त्या भांडणाचा निकाल आणि ही बदली वेगवेगळी ठेवावी लागेल. बरेचदा असे दिसते की जुना हिशोब नव्या सौद्यात मिसळला जातो: "आधी त्याचे राहिलेले पैसे द्या, मग याचे बघू". हे मान्य केले की क्लॉजचा अर्थच संपतो, कारण क्लॉजमध्ये फक्त 60 लाख लिहिले आहेत, जुनी थकबाकी लिहिलेली नाही. खरेदी करणाऱ्या क्लबाने जुन्या वादाबद्दल स्वतंत्र पत्र लिहावे आणि या बदलीच्या पत्रात त्याचा एक शब्दही येऊ देऊ नये.

दुसरी काळजी संपर्काची. फिफाच्या नियमावलीच्या 18व्या कलमाप्रमाणे करारात असलेल्या खेळाडूशी बोलण्याआधी नव्या क्लबाने सध्याच्या क्लबाला लेखी कळवले पाहिजे. करार संपायला 6 महिने किंवा कमी उरले असतील तरच खेळाडू दुसरीकडे सही करायला मोकळा असतो. भाच्याच्या करारात 2 वर्षे बाकी आहेत, म्हणजे ही सवलत त्याला नाही. 2025 च्या जुलैमध्ये टॉटनहॅमने मॉर्गन गिब्ज-व्हाइटसाठी नेमका क्लॉजइतका, 6 कोटी पौंडांचा देकार दिला, तेव्हा नॉटिंगहॅम फॉरेस्टने रकमेवर वाद घातलाच नाही. गुप्त ठेवायचा आकडा बाहेर कसा कळला आणि परवानगीशिवाय संपर्क कसा झाला, असे विचारत त्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि बोलणी तोडली. काही दिवसांनी खेळाडूने फॉरेस्टबरोबरच 2028 पर्यंतचा नवा करार केला. म्हणून मामांना माझी कळकळीची विनंती आहे की करारातला आकडा त्यांनी स्वतः नव्या क्लबाच्या माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवला असेल, तर आधी मला सांगावे. करारात गुप्ततेची अट असेल आणि तो मेसेज समोरच्या वकिलाच्या हाती लागला, तर 60 लाखांची चर्चा बाजूला राहील आणि चर्चा त्या मेसेजची सुरू होईल.

पैसे भरण्याच्या पद्धतीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण एक कडवट अनुभव आहे. एका मुलाच्या करारात "खेळाडूने 31 मेपर्यंत रक्कम भरल्यास" असे शब्द होते. नव्या क्लबाने 30 मेच्या रात्री स्वतःच्या खात्यातून आरटीजीएसने पूर्ण रक्कम पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी रक्कम परत आली, सोबत दोन ओळींचा मेल: रक्कम खेळाडूकडून आलेली नाही, सबब स्वीकारता येत नाही. मुदत संपायला 9 तास उरले होते. आम्ही नव्या क्लबाकडून रक्कम मुलाच्या खात्यात घेतली, आणि मुलगा राजारामपुरीतल्या बँकेच्या शाखेत व्यवस्थापकांसमोर बसून, थरथरत्या हाताने फॉर्म भरून, स्वतःच्या नावाने पैसे पाठवून मोकळा झाला. संध्याकाळी साडेपाचला पैसे पोहोचल्याचा संदेश आला. त्या क्लबाशी संबंध चांगले असते तर रक्कम कोणाच्या खात्यातून आली हे कोणी पाहिलेही नसते. अशी रक्कम खेळाडूच्या खात्यातून फिरली की त्याच्या उत्पन्नकराचा प्रश्नही उभा राहतो, म्हणून नव्या क्लबाबरोबर आधी लेखी करार करून हा पैसा कशासाठी आणि कोणाचा हे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

तारखेवरून मोठ्या क्लबांतही असेच वाद होतात. अॅटलेटिको माद्रिदच्या ग्रिझमानचा क्लॉज 1 जुलै 2019 ला 20 कोटींवरून 12 कोटी युरोंवर आला आणि 12 जुलैला बार्सिलोनाने 12 कोटी भरले. अॅटलेटिकोचे म्हणणे असे की बोलणी त्याआधीच पक्की झाली होती, तेव्हा 20 कोटी द्या. स्पॅनिश महासंघाने शेवटी बार्सिलोनाला 300 युरोंचा दंड केला, पण दोन क्लबांमधली कटुता वर्षभर राहिली. तोच खेळाडू पुढे लोनवर अॅटलेटिकोकडे परतला, तेव्हा निम्म्याहून जास्त सामन्यांत 45 मिनिटांवर खेळला तर 4 कोटी युरोंना विकत घ्यावा लागेल अशी अट होती. 2022 च्या हंगामाच्या सुरुवातीला प्रशिक्षक त्याला तासभर बाकावर बसवून मग मैदानात उतरवत होते. ऑक्टोबरमध्ये सुमारे 2 कोटींवर मिटले. त्या दोन महिन्यांत उत्तम लयीत असलेला एक खेळाडू अटीच्या एका ओळीसाठी बाकावर बसला, हे मला फुटबॉलवर प्रेम करणारा माणूस म्हणून फार लागते.

क्लॉजपेक्षा थोडे जास्त देऊन मार्ग निघतो, हेही सांगतो. क्लॉज भरायचा तर रक्कम बहुधा एकरकमी लागते. हप्ते हवे असतील तर समोरच्याची संमती लागते आणि संमतीला किंमत असते. 2019 मध्ये जोआओ फेलिक्ससाठी अॅटलेटिकोने 12 कोटींचा क्लॉज असताना 12.6 कोटी युरो मान्य केले ते हप्त्यांसाठीच. भाच्याच्या नव्या क्लबाची 60 लाख एकदम भरायची तयारी खरी आहे का, हे आधी विचारावे. नसेल, तर भांडण बाजूला ठेवून कोणीतरी शब्द टाकणारा शोधावा लागेल. कोल्हापुरात असा माणूस सापडतो. दोन्ही क्लबांत ज्याच्या शब्दाला मान आहे असा जुना प्रशिक्षक किंवा पंच बहुतेक वेळा वकिलापेक्षा लवकर काम करतो. त्याने भाव करू नये, फक्त फोन उचलला जाईल एवढे पाहावे.

मामांनी येताना कराराची सगळी पाने आणावीत, जोडपत्रे आणि नंतर सही केलेले दुरुस्तीचे कागदसुद्धा. मोबाइलवर काढलेले फोटो नकोत, कारण फोटोंत शेवटचे पान नेहमी सुटते आणि क्लॉजची मुदत बहुधा तिथेच लिहिलेली असते. मला पाच गोष्टी पाहायच्या आहेत: 'शॅल' आहे की 'मे', रक्कम कोणी भरायची, कोणाच्या खात्यात, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तिच्यात जीएसटी धरला आहे की वेगळा. तोपर्यंत मुलाने रोजच्या सरावाला वेळेवर जावे, क्लबाची जर्सी घालावी, आणि कोणी पत्रकाराने फोन केला तर नम्रपणे नाही म्हणावे. सरावाला एक दिवस दांडी मारली तरी त्याची नोंद होते, आणि उद्या तीच नोंद त्याच्याविरुद्ध पहिल्या कागदावर येते.